शेऱ्याचा रकाना

वरून तक्ता आलाय.
पुढच्या दहा वर्षांचं मनुष्यबळ
परवा दुपारी तीनच्या आत भरून पाठवायचं.
मंजूर पदं, भरलेली, रिकामी,
कोण कुठल्या साली निवृत्त,
आणि शेवटी, शेऱ्याच्या रकान्यात:
हे पद नसेल तर काय अडेल?
उत्तर साठ अक्षरांत.

बेळगावच्या कॅम्पात, या कचेरीत
मी सत्तावीस वर्षं मुलकी आहे.
म्हणजे सलाम ठोकायचा नाही,
पण साहेब आत आले की
खुर्ची आपोआप मागं सरते.
साहेब दर अडीच वर्षांनी बदलतात.
फायली आणि आम्ही तेवढे इथले.

पंप ऑपरेटर: चार मंजूर, एक जागेवर.
सुतार: दोन होते. एक वारला,
दुसऱ्याचं पद वारलं.
वॉल्व्हमन: एक.
भावकाण्णा सातेरी मुतगेकर,
जन्मतारीख एक जून,
मास्तरांनी शाळेत घालताना अंदाजानं टाकलेली.
त्या अंदाजावर
तो येत्या एकतीस मेला म्हातारा होणार.

वॉल्व्हमनच्या पुढं तक्त्यानं स्वतःच शून्य घातलंय.
आता सगळं बटणावर होणार म्हणे.
नकाशात वॉल्व्ह एक्केचाळीस.

"एक्केचाळीस?" भावकाण्णा हसला.
"चला बाई, दावतो.
छत्री घ्या. चिंचंखाली कावळे घाण करूलाल्यात."

चर्चच्या मागं.
जुन्या तबेल्याच्या उंबऱ्याखाली.
मेसच्या नव्या फरशीत,
जिथं तो पान्ह्यानं ठोकून
वैद्यासारखा कान लावतो
आणि सांगतो, हितं हाय, झोपलाय.
मी मराठीत मोजत होते,
तो कन्नडात,
मुतग्याचा असून आकडे कन्नडात, शिव्या मात्र आपल्या.
ऐवत्तेंटू, तो म्हणाला.
अठ्ठावन्न, मी म्हणाले.
एवढ्या वर्षांत त्याचा माझा हिशेब
पहिल्यांदाच जुळला.

परतताना एकोणतिसाव्यापाशी थांबला.
"ह्यो उलटा फिरतोय.
कुणी शिकलेला येऊन सुलटा पिळला
की दवाखान्याचं पाणी बंद.
एकदा झालंय. बारा तास.
माझं लगीन होतं त्या दिवशी."

मी विचारलं, कुणाला सांगितलंस का?
त्यानं हनुवटीनं दाखवलं.
पिशवी धरून मागं मागं येणारा
बैलहोंगलचा बसलिंग.
ठेकेदाराचा पोरगा. अकरा महिन्यांचा पास,
बाराव्या महिन्यात घरी,
पुन्हा नवा पास, नवा फोटो,
दर फोटोत थोडा वाळलेला.
सहा वर्षं.

कचेरीत येऊन तक्त्यात शोधला.
बसलिंग माणसांत नाही.
तो दुसऱ्या फायलीत आहे,
ब्लीचिंग पावडर, दोर, खराटे
आणि "किरकोळ सेवा" यांच्यात.
त्याला निवृत्ती नाही, कारण
तो अजून लागलेलाच नाही.

साहेबांना सांगितलं.
साहेब भला माणूस. ऐकून घेतलं,
खिडकीबाहेर बघितलं,
म्हणाले, मॅडम, तक्ता जसा आहे तसा भरा.
त्यांची बदली श्रावणात आहे.

मग शेऱ्यात टाइप केलं:
एकोणतिसावा वॉल्व्ह उलटा फिरतो. बसलिंगला विचारा.
साठात बसलं. यंत्रानं कुरकुर केली नाही.
कुणी वाचेल, न वाचेल.
भावकाण्णाच्या शून्याला मी हात लावू शकले नाही,
त्याला कुलूप होतं.

आता उरलीय एकच ओळ.
वरिष्ठ लिपिक: मंजूर तीन, जागेवर एक.
नाव माझं. साल पुढचं.
हे पद नसेल तर काय अडेल?

दोन वाजून चाळीस मिनिटं झालीत.
नळाला पाणी आलंय,
बादलीत पडताना
पहिल्यांदा नुसती हवा बोलते.